लांबच्या प्रवासाची मोटारसायकल: काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

लांब फिरायला म्हणून हौसेने घेतलेली गाडी वर्षभरात विकायला निघते, तेव्हा दोष बहुतेकदा इंजिनाचा नसतो. गुडघे धरतात, मनगटं भरून येतात, हेल्मेटमध्ये दिवसभर गोंगाट असतो, डबलसीट बसलं की मागचं चाक मडगार्डला घासतं. ही सगळी कारणं पैसे मोजण्याआधी कळण्यासारखी आहेत. चुकतो तो क्रम. आधी सीसी ठरते, मग रंग, मग दहा मिनिटांची टेस्ट राइड. सामान बांधायचं कुठे हा प्रश्न गाडी दारात आल्यावर पडतो. खालच्या क्रमात इंजिन पाचव्या टप्प्यावर येतं, आणि ते तिथेच ठेवा.

## टप्पा १: आपला प्रवास कागदावर मांडा

गाड्यांची नावं बाजूला ठेवा आणि एवढं लिहा: दिवसाला किती किलोमीटर, त्यात हायवे किती, घाट किती, खडबडीत रस्ता किती, एकटे की डबलसीट, सलग किती दिवस, दोन पेट्रोलपंपांमधलं जास्तीत जास्त अंतर.

हे लिहिताना मनातला प्रवास नको, गेल्या वर्षी प्रत्यक्ष जसे फिरलात तो लिहा. वर्षातून दोन दिवस कच्च्या रस्त्यावर जाता येईल म्हणून ८७० मिलिमीटर उंच सीटची गाडी घेतली, की उरलेले दिवस प्रत्येक सिग्नलला टाचा अधांतरी.

टाकीचा हिशेब इथेच करून टाका. टाकी १५ लिटरची, त्यातले ३ लिटर रिझर्व्ह. कागदावरचं ॲव्हरेज लिटरला २४ किलोमीटर असेल तर सामान, वारा आणि हायवेचा वेग धरून २० घ्या. १२ गुणिले २०, म्हणजे २४० किलोमीटरला पंप हवा. एवढं बहुतेकांना पुरतं, कारण त्याआधी पाठच थांबायला लावते. हाच आकडा १५० च्या खाली आला तर मात्र थांबे तुम्ही ठरवणार नाही, टाकी ठरवेल.

## टप्पा २: वजनाचा हिशेब, जो कोणी करत नाही

गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे शोधा: कर्ब वजन, म्हणजे पेट्रोल-ऑइल भरून उभ्या गाडीचं वजन, आणि परवानगी असलेलं जास्तीत जास्त एकूण वजन. या दोहोंतला फरक म्हणजे गाडीची खरी वाहण्याची ताकद. जाहिरातीत ‘कोरडं वजन’ दिलेलं असेल तर ते वापरू नका; त्यात पेट्रोल धरलेलं नसतं आणि १५ लिटर पेट्रोलच सुमारे ११ किलो भरतं.

एक उदाहरण मांडून बघा. एकूण मर्यादा ४०० किलो, कर्ब वजन २१५. उरले १८५.

चालवणारा ८२ किलोचा. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून ९१. मागे बसणारी व्यक्ती कपड्यांसह ७०. झाले १६१, उरले २४. लोखंडी रॅक ४ किलो आणि दोन टणक साइड बॉक्स रिकामेच १० किलो. आता प्रत्यक्ष सामानाला शिल्लक १० किलो: दोघांचे कपडे, हत्यारं, पाणी, रेनकोट सगळं त्यात. ही गाडी एकट्याला उत्तम आहे, या दोघांसाठी नाही. मोठं इंजिन असूनही हा हिशेब न जमणाऱ्या गाड्या आहेत, आणि लहान असून जमणाऱ्याही.

सावध: रॅक आणि टॉप बॉक्सची मर्यादा वेगळी असते आणि ती बरीच कमी असते. बॉक्सच्या आतल्या बाजूला किंवा रॅकवर ती लिहिलेली असते. ४५ लिटरचा बॉक्स म्हणजे ४५ लिटर जड सामान मावतं एवढंच; पेलतं असं नाही.

मागचा टायरही बघा. टायरच्या कडेवर मापानंतर येणारा दोन आकडी अंक त्याची वजन पेलण्याची मर्यादा सांगतो: ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५, ७३ म्हणजे ३६५. टायर बदलताना कमी अंकाचा स्वस्त टायर बसवणं ही वापरलेल्या गाड्यांत हमखास दिसणारी चूक आहे.

## टप्पा ३: बसून बघणं, पण नीट

शोरूममध्ये लोक दोन मिनिटं बसतात, हँडल हलवतात आणि उतरतात. निदान वीस मिनिटं बसा, आणि तेही प्रवासात जे घालणार तेच बूट, जॅकेट, हेल्मेट घालून. जाड तळव्याच्या बुटाने पाय जमिनीला टेकायला उंची मिळते, पण गिअरच्या लिव्हरखाली तोच बूट अडकू शकतो.

गुडघे. गाडी डबल स्टँडवर घ्या, पाय फूटरेस्टवर ठेवा आणि कोणाला तरी बाजूने, सीटच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. फोटोत कंबर, गुडघा, घोटा जोडणारी रेघ मनात ओढा. गुडघ्याचा कोन काटकोनाइतका किंवा त्याहून कमी असेल तर तासाभरात पाय बाहेर काढून ताणायची वेळ येईल. कोन काटकोनापेक्षा स्पष्ट मोकळा दिसायला हवा.

हात. कोपरं किंचित वाकलेली, खांदे सैल. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. बाहेरचा हात ताठ होऊन पाठ सीटवरून सुटत असेल तर हँडल तुमच्यापासून लांब आहे. हँडल मागे-वर आणणारे रायझर मिळतात, पण २०-२५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाते. वीस मिलिमीटरने भागणार नसेल तर ती गाडी सोडा.

सीट. इथे फसवणूक बोटांनी होते. अंगठ्याने दाबून मऊ लागणारी सीट सगळ्यांना आवडते. मऊ फोम पहिल्या पाऊण तासात दबून जातो, मग बसण्याची दोन हाडं थेट खालच्या प्लास्टिकवर टेकतात. लांब पल्ल्याला जरा टणक, मागे रुंद आणि सपाट सीट चांगली. पुढे टाकीकडे उतार असलेली सीट टाळा: ब्रेक मारला की शरीर पुढे घसरतं, ते मागे रेटायला हात हँडल ढकलत राहतात आणि संध्याकाळी मनगटं दुखतात. दुखतं मनगट, दोष सीटचा. लोक मात्र हँडल बदलत बसतात.

पाय पुढे टाकून बसायची क्रूझर आरामखुर्चीसारखी वाटते. गुडघ्यांना ती खरोखर सुखाची असते. पण तिच्यावर सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभं राहून धक्का पायांवर घेता येत नाही. टप्पा १ मध्ये खडबडीत रस्ता लिहिला असेल तर ही गोष्ट विसरू नका.

जमीन. दोन्ही पायांचे चवडे टेकावेत, किंवा एक पाऊल पूर्ण. सीटची उंची मिलिमीटरमध्ये वाचून हे ठरत नाही; पुढे निमुळती असलेली ८३० ची सीट रुंद ८०० च्या सीटपेक्षा बुटक्या माणसाला सोपी जाऊ शकते. बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे रेटून बघा, मग उतरून थोड्या चढावर ढकलून बघा.

सावध: “लिंक (मागच्या शॉकअपचा जोड) बदलून गाडी खाली घेऊन देतो” या आश्वासनावर उंच गाडी घेऊ नका. गाडी खाली आली की साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि सामानासकट पलीकडे कलंडते. वळणात खालचे भाग लवकर घासतात ते वेगळंच.

तपासा: मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही आणा. तिचे गुडघे कितपत दुमडतात, धरायला काय आहे, सायलेन्सर पोटरीला लागतो का, हे तिने सांगायचं आहे. साइड बॉक्स बसवल्यावर तिचे पाय मावतील का, हेही आताच.

## टप्पा ४: टेस्ट राइड, निदान एक तास

तासाभराची राइड मिळत नसेल तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या. चुकीच्या गाडीपेक्षा ते भाडं फार स्वस्त पडतं.

पहिली दहा मिनिटं संथ चालवा: अरुंद जागेत पूर्ण वळण, उतारावर थांबून पुन्हा निघणं, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं. रेडिएटरची गरम हवा नडगीवर येते का, ते इथे कळतं.

मग हायवेला लागा आणि जो वेग दिवसभर ठेवणार आहात तोच वरच्या गिअरमध्ये पंधरा मिनिटं धरा. आरशात बघा. मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो की नुसता ठिपका थरथरतो? हँडल, फूटरेस्ट, टाकी यांपैकी थरथर नेमकी कुठे आहे? आता वेग थोडा कमी-जास्त करून बघा. पुष्कळ इंजिनांत थरथर एका ठराविक आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पट्ट्यात येते. तो पट्टा तुमच्या नेहमीच्या वेगावर पडला तर बोटांना मुंग्या येणारच, आणि तो दहा किलोमीटर पलीकडे असेल तर कधी त्रासही होणार नाही. त्यामुळे दुसऱ्याने “गाडी थरथरते” किंवा “लोण्यासारखी चालते” म्हटलेलं उपयोगाचं नाही.

वाऱ्याची परीक्षा याच वेगावर, रस्ता मोकळा असताना. बसलेले असताना हेल्मेट घुसळलं जातंय का बघा. मग फूटरेस्टवर जोर देऊन थोडे वर उठा. वर गेल्यावर आवाज कमी झाला, तर गाडीच्या पुढच्या काचेच्या (विंडस्क्रीनच्या) कडेवरून येणारी गढूळ हवा तुमच्या डोक्यावर आदळते आहे आणि तुम्हाला बुटकी काच हवी. मान खाली घातल्यावर शांत झालं, तर उंच हवी. उंच काच म्हणजे जास्त आराम हा समज चुकीचा आहे; छातीवर येणारा एकसारखा वारा दिवसभर सोसता येतो, हेल्मेटला बसणारे धपाटे अर्ध्या तासात डोकं उठवतात. काच उंच असली तरी नजर तिच्या कडेवरून जायला हवी. पावसात रात्री काचेतून काही दिसत नाही.

तपासा: एक तासानंतर उतरा आणि सीटकडे पाठ करून दोन मिनिटं उभे राहा. आता दुखणारी जागा लिहून ठेवा. पाच तासांनी तीच जागा दुखणार आहे, फक्त जास्त.

## टप्पा ५: आता इंजिन

लांब प्रवासाला जास्तीत जास्त वेग लागत नाही, भरलेल्या गाडीने निवांत ओव्हरटेक करण्याची ताकद लागते. चाचणी सोपी: मागे माणूस बसवून, गिअर न बदलता, ७० वरून ९० ला जा. इंजिन कण्हत असेल तर घाटात प्रत्येक ट्रकमागे गिअर पाडावा लागेल. नेहमीच्या वेगावर आरपीएम रेडलाइनच्या, म्हणजे मीटरवर लाल पट्टा सुरू होतो त्या आकड्याच्या, साधारण निम्म्यावर असावा. पाऊण भागावर पळणारं इंजिन दिवसभर कानांत घुमतं.

एका सिलिंडरची गाडी हलकी, दुरुस्तीला सोपी. पण थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असूनही वेग वाढला की थरथर जाणवते. दोन सिलिंडर हा बहुतेकांसाठी मधला चांगला मार्ग. चार सिलिंडर गुळगुळीत, पण वजन आणि व्हॉल्व्हच्या कामाचा खर्च जास्त.

इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवायला चेन, शाफ्ट की बेल्ट? चेनला दर ५०० ते ८०० किलोमीटरला ऑइल, पावसात त्याहून लवकर; त्या बदल्यात ती रस्त्यात कुठेही बदलता येते. अशा गाडीला डबल स्टँड नसेल तर तो बसवता येतो का विचारा, नाहीतर रोज संध्याकाळी गाडी चार चार इंच पुढे ढकलत चेनला ऑइल लावायचं. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांसारखा शाफ्ट जवळपास काही मागत नाही, पण बिघडला तर काम मोठ्या वर्कशॉपचं. हार्लेवर असतो तसा बेल्ट स्वच्छ आणि शांत. पुलीत खडा अडकणं त्याला मानवत नाही.

चाकं: ट्यूबलेस टायरचं पंक्चर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत बुजवता येतं. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर चाक काढणं आलं. एबीएसवर (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेवर) काटकसर करू नका.

## टप्पा ६: भरवसा म्हणजे नेमकं काय

न बिघडणारी गाडी असा अर्थ घेतला तर निवड चुकते. बिघडली तर किती दिवस अडकवते, हा खरा प्रश्न. निदान दोन-तीन वर्षं बाजारात असलेलं मॉडेल घ्या. पहिल्या खेपेतल्या गाड्यांचे दोष तोवर कळलेले आणि बरेचसे सुधारलेले असतात. कंपनीने त्या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या का, हे चासिस नंबरवरून विचारून घ्या.

मग पार्ट्सच्या काउंटरवर जा, विक्रीच्या नव्हे. या गोष्टी आज मिळतील का, नसतील तर किती दिवस, असं विचारा: ब्रेक पॅड, क्लच केबल आणि प्लेटा, क्लच-ब्रेकचे लिव्हर, ऑइल आणि एअर फिल्टर, रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग), फ्युएल पंप. लिव्हरला तीन आठवडे लागणार असतील, तर उभ्या गाडीच्या किरकोळ पडण्यानेही तुमचा प्रवास तिथेच संपतो.

विजेची बाजू बहुतेक जण विसरतात. गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर किती वॉटचा आहे आणि गाडीच्या स्वतःच्या वापरातून किती उरतात ते बघा. गरम ग्रिप ३०-४० वॉट, जादा दिवे २०-४०, गरम जॅकेट ७० च्या पुढे. सगळं एकदम लावलं की लहान गाडीची बॅटरी चालता चालता उतरते.

सर्व्हिसचं अंतरही प्रवासाशी जुळवा. ८,००० किलोमीटरचा प्रवास आणि ६,००० ला सर्व्हिस, म्हणजे ती वाटेत कुठे होणार हे आधी ठरवायला हवं.

## टप्पा ७: वापरलेली गाडी असेल तर

विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर पहिलं काम: सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा. गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे, आणि थंड स्टार्टला होणारा त्रास लपवला जातोय. गार होईपर्यंत बाकीचं तपासा.

१. चासिस आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवा. न जुळल्यास पुढे काही बघू नका.

२. मीटरवरचे किलोमीटर आणि झीज यांचा मेळ: फूटरेस्टचं रबर, गिअर लिव्हरचं टोक, ग्रिप. १२,००० दाखवणाऱ्या गाडीचं फूटरेस्ट गुळगुळीत झालेलं असेल तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं.

३. पडल्याच्या खुणा: हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, इंजिनचं कव्हर. त्याहून महत्त्वाचं, हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो थांबा वाकलाय का. तो वाकलेला असेल तर अपघात जोराचा होता.

४. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला आहे. फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) मागे-पुढे हलवल्यावर टकटक झाली तरी तेच.

५. फोर्कच्या नळ्यांवर ऑइलचं वर्तुळ म्हणजे सील गेले. नळीवर नखाला लागणारा ओरखडा असेल तर नवे सीलही टिकणार नाहीत.

६. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) सर्वांत मागच्या बिंदूवर चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलायचे. तेवढी किंमत कमी करून मागा.

७. टायरच्या कडेवर डॉट (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुना, कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही.

८. आता स्टार्ट करा. निळा धूर टिकून राहिला तर गाडी ऑइल खाते. गार हवेत सुरुवातीला पांढरी वाफ दिसणं ठीक, पण इंजिन तापल्यावरही ती चालू राहिली आणि ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट आत जातोय.

९. मल्टिमीटर खिशात ठेवा. बंद गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन ४,००० आरपीएमवर १३.५ ते १४.५. आकडा वर चढला नाही किंवा १५ च्या पुढे गेला, तर चार्जिंगमध्ये दोष आहे. लांब प्रवासात गाडी उभी करणारा हाच बिघाड.

## टप्पा ८: गाडी घरी आल्यावर, पहिल्या प्रवासाआधी

मागचा शॉकअप तुमच्या वजनाला लावा. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना, चाकाच्या धुरीपासून सरळ वर शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ५६० मिलिमीटर. आता गाडी स्टँडवरून उतरवा, सगळे कपडे चढवून बसा, एकाने गाडी सरळ धरायची आणि दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. समजा ५२४. गाडी ३६ मिलिमीटर बसली. चाकाची एकूण हालचाल १२० असेल तर ३० ते ४० योग्य.

मग मागे माणूस बसवून, सामान लावून मोजा. ५०० आलं, म्हणजे ६० मिलिमीटर. अर्धी हालचाल नुसत्या बसण्यात संपली, खड्ड्यासाठी अर्धीच राहिली. प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवा. शेवटपर्यंत वाढवूनही ४५ च्या आत येत नसेल तर स्प्रिंग मऊ आहे, ती बदलायला हवी. हेडलाइटही आता खाली करा, कारण मागून दबलेली गाडी झाडांवर उजेड पाडते. टायरचा हवेचा दाब भरलेल्या गाडीसाठी वेगळा असतो. तो स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो.

सामान भरताना जड वस्तू खाली आणि पुढे, दोन्ही बाजू समान. हत्यारं आणि पाणी साइड बॉक्सच्या तळाला. टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे. मागे उंचावर वजन गेलं की वेगात हँडल हलकं होतं आणि गाडी डुलायला लागते.

शेवटी सगळं बांधून, डबलसीट जाणार असाल तर डबलसीटच, दोन दिवसांचा आणि एका मुक्कामाचा प्रवास करा. पहिल्या १०० किलोमीटरला थांबून रॅकचे सगळे नट पान्याने तपासा. नवीन रॅक बसला की ते सैल होतातच. घरी परतल्यावर गाडी धुवायची घाई नको. आधी बॅटरीचा दिवा घेऊन इंजिनखाली, फोर्कवर आणि रॅकच्या जोडांवर फिरवा. धुतल्यावर ऑइलचा ताजा माग दिसत नाही, आणि घासून चमकलेला नट शोधावा लागतो.